पोरगं ओरडतंय, पण कागद वाचलात का?

प्रश्न : सर, मुलगा 19 वर्षांचा आहे, इंजिनीअरिंगला. महिनाभर झाला एकच अल्बम लावून बसलाय, ‘साएटिया’ की असंच काहीतरी नाव आहे बँडचं. आधी छान हळू गिटार वाजते, मला वाटतं चला आज बरं काहीतरी लावलंय, आणि मग अचानक अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखं कोणीतरी किंचाळतं. एक शब्द कळत नाही. विचारलं तर म्हणतो, ‘आई हे स्क्रीमो आहे, तुला नाही कळणार’. काळजी करू का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, स्क्रीमो म्हणजे पंकमधलाच (वेगवान, रांगडं रॉक) किंचाळून गायचा एक प्रकार. आणि पहिली गंमत म्हणजे जे किंचाळतायत ते पण तुमच्या मुलाच्याच वयाचे होते. न्यूयॉर्कमधली कॉलेजची पोरं, 1997 ला बँड काढला, 1998 ला हा अल्बम आला आणि 1999 ला बँड संपला पण. त्या काळातला त्यांचा पूर्ण लांबीचा अल्बम हा एवढाच. म्हणजे पहिला तोच शेवटचा. (2022 ला परत एकत्र आले, पण तोपर्यंत सगळे चाळिशीच्या पुढे मागे पोचलेले.)

आता नावाचं सांगतो, कारण तिथेच सगळं आहे. स्पेनच्या दक्षिणेला ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मिरवणुका निघतात, येशूची नाहीतर मेरीची मूर्ती खांद्यावर घेऊन, आणि मिरवणूक चालू असताना एखाद्या बाल्कनीतून कोणीतरी एकटाच गायला लागतो, बहुतेक वेळा साथ नाही काही नाही, आर्त नुसतं. त्या गाण्याला ‘साएता’ म्हणतात. जॅझवाल्या माइल्स डेव्हिसने 1960 च्या एका रेकॉर्डवर ट्रंपेटवर वाजवलंय ते, आणि या पोरांनी नाव तिथून उचललं, फक्त उचलताना स्पेलिंग चुकवलं, मधे एक जास्तीचा ‘आय’ घुसला आणि तो तसाच राहिला. मला ती चूक फार आवडते खरं सांगू का. सार्त्र या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीतल्या नायकाचं नाव गाण्याला देणारी, भरपूर वाचणारी पोरं, आणि स्वतःच्याच बँडच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं!

तर शब्द कळत नाहीत म्हणालात. कानाने कळावेत म्हणून ते ठेवलेलेच नाहीत हो. आपल्याकडे गाणाऱ्याचा आवाज पुढे आणि वाद्यं मागे असं मिक्स करतात, इथे आवाज गिटारींच्या गर्दीत ढकललेला असतो, जणू गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून कोणीतरी हाका मारतंय. शब्द असतात रेकॉर्डसोबतच्या कागदावर. हे लोक गाणी ऐकत नाहीत, कागद हातात धरून गाण्याबरोबर वाचतात. मुलाला म्हणा शब्द काढून दे, आणि एकदा त्याच्या शेजारी बसून वाचत वाचत ऐका. आवडायलाच पाहिजे असं नाही, पण ते नुसतं किंचाळणं राहणार नाही एवढं नक्की.

असे बँड न्यूयॉर्कमधे कुठे वाजवायचे तर एबीसी नो रिओ नावाच्या एका पडक्या इमारतीत. हे नाव पण भारी, समोरच्या वकील आणि नोटरीच्या स्पॅनिश पाटीची अक्षरं झडून जेवढी उरली तेवढंच नाव ठेवलं. तिथे दर शनिवारी दुपारी पंकचे शो व्हायचे, दुपारी हो, रात्री नाही, म्हणजे शाळकरी पोरं पण येऊ शकायची. आणि नियम असा की वंशद्वेषी, बायकांना किंवा समलिंगींना हिणवणाऱ्या बँडला तिथे स्टेज नाही. मुलगा वाईट संगतीत गेलाय असं वाटत असेल तर ही संगत आहे बघा.

काळजीचं म्हणाल तर जेवतो, झोपतो, मित्रांशी बोलतो ना? मग सोडून द्या. यातलं काही बंद झालं असेल तर मात्र त्याच्याशी बोला, आणि गरज वाटली तर डॉक्टरांशी पण, नुसता अल्बम बंद करून काही होणार नाही.

प्रश्न : स्क्रीमो, इमो, पंक एकच ना सगळं?
— नाव नको, सांगली

उत्तर : एकाच घरातले म्हणा. वॉशिंग्टनच्या पंक पोरांनी 1985 च्या आसपास राजकारणासोबत स्वतःचं रडगाणं पण त्याच वेगात गायला सुरुवात केली, त्याला पुढे इमो म्हणायला लागले (त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तो शब्द अजिबात आवडायचा नाही). नव्वदच्या सुरुवातीला सॅन दिएगोत ते अजून मोडकंतोडकं, अजून किंचाळतं झालं, ते स्क्रीमो. 2000 नंतर टीव्हीवरच्या गुळगुळीत बँडना पण तेच लेबल लागलं तेव्हा जुने लोक चिडले आणि आपल्यावाल्याला ‘स्क्रॅम्झ’ म्हणायला लागले. भांडण अजून चालू आहे, तुम्ही मधे पडू नका.

प्रश्न : दादा आम्ही चौघं, पुण्यात बँड आहे, स्क्रीमो/पंक. 8 गाणी झालीत पण सगळी मिळून 17 मिनिटं होतात. याला अल्बम म्हणायचं का ईपी? आणि स्टुडिओवाले म्हणतात प्रत्येक वाद्य वेगळं रेकॉर्ड करा. अजून एक, मी ओरडतो आणि दुसऱ्या दिवशी माझा आवाज जातो, नॉर्मल आहे का?
— ड्रमर सोडून सगळे, पुणे

उत्तर : अरे ड्रमरला का सोडलं!

ईपी म्हणजे अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड, पण तुम्ही अल्बम म्हणा. या प्रकारात 20 मिनिटांच्या आतले अल्बम आहेत आणि कोणी पैसे परत मागितलेले नाहीत. दोन गाणी ताणून 25 मिनिटं केलीत तर मात्र मी मागेन.

रेकॉर्डिंग, ड्रम आणि गिटारी एकाच खोलीत एकत्र वाजवून करा, आवाज नंतर. क्लिक (कानात ताल धरणारी टिकटिक) लावून एकेक वाद्य वेगळं केलं की स्वच्छ होतं पण तुम्ही चौघं एकमेकांकडे बघून जे थांबता, पुन्हा सुटता, ते जातं, आणि या संगीतात तेवढंच तर असतं. मागे ठाण्यात एका जॅमपॅडमधे, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीत, बसलो होतो, ओरडणाऱ्या पोराने वही जमिनीवर उघडी टाकलेली, पानावर पाण्याची बाटली ठेवलेली, उलटू नये म्हणून, आणि तो डोळे वहीत नाही, ड्रमरच्या उजव्या खांद्यावर ठेवून उभा होता. खांदा वर गेला की हा सुटायचा. हे वेगवेगळ्या दिवशी कसं रेकॉर्ड करणार?

घसा. रोज आवाज जाणं नॉर्मल नाही. जे शिकून ओरडतात ते खऱ्या स्वरतंतूंच्या वर ज्या दोन घड्या असतात, ज्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात, त्यांच्यावर बराच भार घेतात आणि जोर पोटातून, श्वासाचा लावतात. तू बहुतेक सरळ गळ्यातून फाडतोयस. दुखलं की त्याच क्षणी थांब, सरावात पूर्ण ताकद लावू नकोस, माइक जवळ घे, आणि आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखव. अमेरिकेतल्या कनेटिकटच्या जेरोम्स ड्रीम या बँडचा गायक माइकशिवाय ओरडायचा, अंगावर काटा येतो ऐकून, पण 2001 च्या दुसऱ्या अल्बमवर त्याचा आवाज ऐक, ओळखू येत नाही.

आणि झाला की पाठवा इकडे, शब्दांच्या कागदासकट.