कूलरचं बिल आणि माझा मे महिना

भाऊ, आधी दुकानात जाऊन भांडू नका. मी तेच केलं अन् अख्खा मे उकाड्यात काढला. नागपुरात बर्डीवरून (सीताबर्डी बाजारातून) घेतलेल्या कूलरचा पंप आठव्या दिवशी बंद. बिल पाहतो तर शाई उडून कोरं! तुमच्या बिलाचा फोटो आजच काढा. मग:

- तक्रार लेखी द्या, पोच घ्या. 'उद्या माणूस पाठवतो' हा पुरावा नव्हे.
- दाद नाही दिली तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन.
- तरी नाहीच, तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तू ऑनलाइन घेतली असली तरी तक्रार आपण राहतो तिथे, म्हणजे आपली नागपुरातच दाखल होते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत २ वर्षं.

भरपाईचा आकडा एवढ्यात फुगवू नका, आधी पंप बदलून मागा.