नेपियर गवताच्या मूरघासात गूळ किती टाकायचा?

प्रश्न: नमस्कार सर, आर्वी तालुक्यातून लिहितो. दोन गवळाऊ अन् तीन संकरित गायी आहेत. ऑगस्टमधी नेपियर कापलं, त्याच दिवशी कुट्टी करून मूरघासासाठी (हिरवा चारा हवाबंद आंबवून टिकवतात तो) बॅगमधी दाबलं, टनाला 2 किलो गूळ, 1 किलो मीठ, 1 किलो युरिया अन् लिटरभर ताक, मोबाईलवर आलं होतं तसंच. दीड महिन्यानं बॅग सोडली तर काळपट, चिकट अन् वास असा का हात दोनदा धुतला तरी जाईना. ढोरं तोंड लावत नाही. दुकानदार म्हणते कल्चर, म्हणजे चारा आंबवणारे विकतचे जिवाणू, टाका. टाकू का?

उत्तर: भाऊ, मेहनत वाया गेली याचं खरंच वाईट वाटलं. पण ते प्रमाण मक्याचं हाय. मक्यात साखर भरपूर, नेपियर, गिनी गवत यात कमी, वरून पावसाळ्यात पाणी 80 टक्क्यांच्या वर, मग लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू उपाशी राहतात, पीएच 4.2 पर्यंत उतरत नाही, म्हणजे चारा पुरेसा आंबट होत नाही, अन् ब्युटिरिक आम्लवाले जिवाणू माजतात. हाताचा तो वास त्याचाच. युरियाचा अमोनिया होते अन् जे थोडं आम्ल बनलं तेही मारते, म्हणून नेपियरला युरिया टाकूच नका.

नेपियरला गूळ किंवा मळी (मोलॅसिस) टनाला 30 किलोच्या आसपास पाहिजे, 2 किलोनं काहीच होत नाही. एवढा गूळ परवडत नाही हे मलाही समजते, म्हणून आधी पाणी कमी करा. उघाड असली तर सकाळी कापून दुपारपर्यंत वावरातच सुकू द्या, नसली तर क्विंटलला 15-20 किलो ज्वारीच्या कडब्याची कुट्टी मिसळा. मग मुठीत अर्धा मिनिट दाबून पाहा, पाणी गळलं तर अजून ओलं हाय, गोळा टिकला अन् तळवा नुसता दमट झाला तर भरा. गूळ पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडा, बादलीनं ओतू नका.

कल्चर चांगलं हाय, टाका, पण गुळासोबतच, कारण जिवाणू नवे आणले तरी खायला साखर लागतेच ना. ते विहिरीच्या पाण्यात कालवा, क्लोरीनच्या पाण्यात मरते.

अन् ती खराब बॅग उकंड्यावर टाका, गाभण गायीपुढं तर अजिबात नको, अशा घासातल्या लिस्टेरिया जिवाणूनं गाय गाभडू शकते. बाकीच्या बॅगा एकेक उघडून वास घ्या, आंबूस अन् रंग पिवळसर हिरवा असला तर बिनधास्त चारा.