डॅम्परची टोपी: भोकाची की बिनभोकाची?

प्रश्न : मॉरिस मायनरला एसयू बनावटीचा कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) आहे. अॅक्सिलरेटर दाबला की गाडी गचके खाते. डॅम्परची कोणती टोपी बसवू? – एक वाचक, लातूर

उत्तर : आधी डॅम्परचं तेल बघा. डॅम्पर, म्हणजे टोपीला जोडलेला तेलातला दांडा, कार्ब्युरेटरमधल्या पिस्टनला झपकन वर जाऊ देत नाही, म्हणून क्षणभर पेट्रोल जास्त मिळतं. तेल आटलं की गचका ठरलेलाच. २० नंबरचं (एसएई २०) इंजिन ऑइल घाला. डॅम्पर आत सोडताना टोपी बसायला साधारण ६ मिमी उरलेले असताना हाताला अडकाव जाणवला पाहिजे.

टोपी डॅशपॉटवर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या घुमटीवर, ठरते. आत हवेची वाट कोरलेली असेल तर बिनभोकाची. आपल्याकडच्या फुफाट्यात तीच बरी. वाट नसताना ती लावली, तर हवा कोंडून पिस्टन नीट उचलत नाही. भंगारातून जोडलेल्या कार्ब्युरेटरांत हा घोळ हमखास!