अर्धवट राहिलेल्या गोधड्या पूर्ण कशा कराव्यात? घरी जमतं की गटात बसावं?

ताई, तुमच्याकडे पाच गोधड्या अर्ध्यावर आहेत, नवी सुरू करायचा मोह आवरत नाही आणि महिला मंडळात गोधडीचा गट काढावा की घरीच बसून संपवावं, असं तुम्ही विचारलंय. मी गोव्यातल्या डिचोलीची. आमचा सातजणींचा गट दर गुरुवारी दुपारी एकीच्या वसरीत, म्हणजे ओसरीत, बसतो. घरी आणि गटात दोन्हीकडे शिवते, म्हणून लिहिते.

आधी पाचही बाहेर काढून जमिनीवर पसरा आणि प्रत्येक गोधडी नेमकी कुठे थांबलीय ते बघा. माझा अनुभव असा की आळसामुळे गोधडी थांबत नाही, ती ठरावीक तीन ठिकाणी अडते. तुकडे जोडून वरचा भाग तयार होतो पण थर लावले जात नाहीत, हे पहिलं. धावदोरा मध्यावर येऊन कंटाळा येतो, हे दुसरं. आणि गोट, म्हणजे कडेची पट्टी, लावायचा राहतो, हे तिसरं.

यातलं थर लावण्याचं काम एकटीने करू नका. माझ्या तीन गोधड्या दोन वर्षं याच कामासाठी कपाटात पडून होत्या. पाच बाय सात फुटांचं कापड एकटीने ताणायचं म्हणजे एक कोपरा धरेपर्यंत दुसरा सुटतो. गुरुवारी आम्ही वसरी झाडून, पुसून, कोरडी करून खालचं कापड उलटं पसरतो आणि चार कोपऱ्यांवर चार पाट ठेवतो. त्यावर जुन्या सुती साड्यांचे थर, सगळ्यात वर तुकड्यांचं कापड. चौघी चार बाजूंना बसतात आणि मधून कडेकडे तळहाताने सुरकुती सारत नेतात. ‘कोपरा सोडू नको गो, अजून फुगा आहे’ असं कोणीतरी म्हणतंच. मग वीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घालायचे. हे टाचणं नीट झालं तर पुढे कापड सरकत नाही. तासाभरात एक गोधडी शिवायला तयार होते. गट काढायचा तर एवढ्या एका कामासाठीसुद्धा काढा.

धावदोरा मात्र घरचा. प्रत्येकीचा टाका वेगळा पडतो आणि चार हातांची गोधडी ओळखू येते. सगळ्यांनी मिळून कोणाच्या बाळाला दुपटं द्यायचं असेल तर तेच छान दिसतं, पण स्वतःच्या कामात ते खटकतं. घरचा हिशोब सांगते. पाच फूट रुंदीत पाऊण इंचावर ओळी घेतल्या तर साधारण 80 ओळी होतात. रोज दोन ओळी म्हणजे 40 दिवस. मी दुपारी भांडी आवरली की दोन ओळी घालते आणि तिथेच थांबते, हौस असली तरी. एका दिवशी दहा ओळी घातल्या की बोटं दुखतात आणि पुढचे आठ दिवस गोधडीकडे बघवत नाही. मधल्या बोटाला अंगुस्तान आणि मोठ्या नेढ्याची लांब सुई, एवढं पुरतं. आत साड्यांऐवजी सुटा कापूस भरलेला असेल तर ओळी विरळ ठेवू नका, धुतल्यावर कापसाचे गोळे होतात.

ओळींचा कंटाळा येणाऱ्यांनी कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, बघावी. हल्याळ, यल्लापूर भागात त्या शिवतात. पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या माणसांचे वंशज त्यांच्यात पुष्कळ आहेत. त्या आधी तुकडे जोडत बसत नाहीत. कडेपासून सुरुवात करून तुकडा ठेवत, शिवत, फेऱ्या घालत आत येतात. चार कोपऱ्यांना घड्या घातलेल्या चिंध्यांची फुलं लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. शिवून झाला तो भाग पुरा झाला, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा लहान. पाच बाय सातची पहिली फेरी 24 फुटांची, शेवटची अगदी छोटी. शेवटाकडे काम हलकं होत जातं, म्हणून ते टाकून दिलं जात नाही. मी एक तशी शिवली आणि तीच सगळ्यात लवकर झाली.

आता आपल्या हवेबद्दल, कारण अर्धवट काम गोव्यात नुसतं पडून राहत नाही, खराब होतं. जून ते सप्टेंबर घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली गोधडी बुरसते. उशीच्या जुन्या सुती अभ्र्यात ठेवा आणि ऊन पडलं की काढा. सुई कामात खोचून ठेवू नका. माझ्या पांढऱ्या दुपट्याच्या मधोमध गंजाचा तपकिरी ठिपका बसला, तो कशानेच गेला नाही. त्यावर पान कापून शिवावं लागलं. आणि बाजारातून आणलेलं नवं लाल, निळं कापड आधी वेगळं भिजवून रंग सोडतं का ते बघा. एका दुकानात ‘पक्का रंग’ म्हणून दिलेल्या लालने माझी पूर्ण झालेली गोधडी पहिल्याच धुण्यात गुलाबी केली. चार महिन्यांचं काम होतं, रडू आलं मला.

गोट गटात लावा. हात चालता राहतो, गप्पा होतात, कोपरा दुमडायला जमत नसेल तर शेजारची दाखवते. आमच्याकडे एक नियम आहे: गुरुवारी एकच काम आणायचं, तेही आधी सुरू केलेलं. नवं कापड वसरीत उघडायचं नाही. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचे दोन महिने हा नियम फार उपयोगी पडतो.

पाचांतली एखादी आता आवडतच नसेल तर तिला सोडा, अपराधी वाटून घेऊ नका. कोणाला हवी असेल तर देऊन टाका. माझी एक मी मधून कापली, कडा दुमडल्या आणि चार बसकरं केली. गुरुवारी वसरीत आम्ही त्यांवरच बसतो.