पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी केलीच पाहिजे का? त्यात बाळाचं सगळं व्यंग कळतं का?

तुम्ही लिहिलंय की आधीच्या दोन सोनोग्राफ्या नॉर्मल आल्यात, आता डॉक्टरांनी ॲनॉमली स्कॅन, म्हणजे व्यंग बघायची ही पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी, सांगितलाय आणि घरचे म्हणतायत, नसता खर्च कशाला. करा. घरच्यांचं ऐकू नका. आधीच्या सोनोग्राफीत मुख्यतः ठोके, दिवस आणि गर्भाची जागा बघतात. मेंदू, मणका, हृदयाचे चार कप्पे, किडन्या, हातपाय एकेक करून तपासायला बाळ तेवढं मोठं व्हावं लागतं, आणि ते अठरा ते वीस आठवड्यांत होतं.

आम्ही पाथरी तालुक्यातले. १६ डिसेंबर २०१९ ला मी बायकोला या स्कॅनसाठी परभणीला नेलं. आधीची एक मुलगी आहे. आमच्याकडं पहिली मुलगी असताना सोनोग्राफीला गेलं की लोक एकच अर्थ काढतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या, मग लोकांनी संशय घेतला तर त्यांना तरी काय बोलणार. म्हणून घरी सांगितलं, रक्त तपासायला जातोय. ते खोटं पुढं फार महागात पडलं.

बाळानं हात तोंडावर धरला होता. डॉक्टरबाईंनी बायकोला कुशीवर वळवून बघितलं, मग अर्धा तास बाहेर चालून यायला सांगितलं. दुसऱ्यांदा तपासल्यावर मला आत बोलावलं. टेबलावरच्या कोऱ्या कागदावर त्यांनी पेनानं एक ओठ काढला आणि त्यावरून नाकपुडीपर्यंत एक रेघ ओढली. "एवढं आहे. हे ऑपरेशननं दुरुस्त होतं. बाकी चांगलं दिसतंय, पण हृदयाची वेगळी तपासणी करून घ्या." ती केली, हृदय चांगलं निघालं. एवढ्यासाठी गर्भ पाडायचं कुणी सुचवलं तर त्या माणसाकडं परत जाऊ नका.

दहा दिवसांनी, २६ डिसेंबरला सकाळी सूर्यग्रहण होतं. मोठीला भूक लागली म्हणून बायकोनं ग्रहण चालू असतानाच विळीवर दोन वांगी चिरली. माझी आत्या आमच्यातच राहते. तिनं बघितलं. त्या दिवशी काही बोलली नाही.

मे २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये बाळंतपण झालं. आधी कळलेलं असल्यामुळं बालरोगतज्ज्ञ असलेला दवाखाना ठरवून ठेवला होता. ओठ सांगितल्याप्रमाणं होता, पण तोंडातली टाळूही दुभंगलेली निघाली. रिपोर्टमध्ये ती नव्हती. टाळू हाडांच्या सावलीत जाते, सोनोग्राफीत नीट दिसत नाही. तेव्हा सगळं कळतं का, तर नाही कळत. पण जेवढं कळलं होतं त्यावर आम्ही तरलो. लेकराला ओढून पिता येत नव्हतं, दूध नाकातून यायचं. बायकोनं डॉक्टरांकडून आधीच शिकून घेतलं होतं: दूध काढून वाटीत घ्यायचं, लेकराला उभं धरायचं, चमचा खालच्या ओठाला टेकवायचा, एक घोट गेला की थांबायचं. एका वेळेला पाऊण तास लागायचा.

घरी आल्यावर आत्यानं दुपटं बाजूला केलं आणि घरभर माणसं असताना म्हणाली, "गिराणात इळी धरली व्हती, भोगा आता." बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघत राहिलो. ग्रहणाच्या दहा दिवस आधीचा रिपोर्ट कपाटात होता आणि तो काढला तर मी खोटं बोललो होतो हे उघडं पडलं असतं. बायको पुढं दोन वर्षं प्रत्येक बारशात, प्रत्येक हळदीकुंकवाला ते ऐकत होती.

शेवटी रिपोर्ट काढला, भाच्याला मोठ्यानं वाचायला लावला. आत्या म्हणाली, "तारीख मागची टाकली असंल." मग मी इथं लिहून ठेवतो. ओठ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जुळतो, टाळू त्यामागोमाग. जुळायचं राहिलं तर तेव्हाच राहतं. पाचव्या महिन्यातल्या विळीनं जुळलेला ओठ फाटत नाही आणि न चिरल्यानं दुभंगलेला जुळत नाही. साधारण सातशे जन्मांत एका बाळाला हे असतं. घराण्यातलं असू शकतं, फिटच्या काही औषधांनी, धूम्रपानानं होऊ शकतं, आणि कित्येकदा कारण सापडतच नाही. बाईनं काय चिरलं हे त्यात कुठंच नाही.

ओठाचं ऑपरेशन सहाव्या महिन्यात औरंगाबादला झालं (तेव्हा तेच नाव होतं), टाळूचं पुढच्या वर्षी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून कागद झाले, दोन्ही मोफत. आज तो शाळेत कविता म्हणतो आणि शेवटच्या बाकावर ऐकू जाते.

मी डॉक्टर नाही, तेव्हा एवढं लक्षात ठेवा. डाऊन सिंड्रोम या स्कॅनवरून खात्रीनं कळत नाही, त्यासाठी अकरा ते चौदा आठवड्यांमधली एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात ती) आणि रक्ताची तपासणी असते. हृदयातलं बारीक छिद्र सुटू शकतं, ऐकू येतं का हे कळत नाही. मोठं व्यंग निघालं तर गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताचा निर्णय घेता येतो, त्यापुढं वैद्यकीय मंडळाकडं जावं लागतं. म्हणून "पुढच्या महिन्यात बघू" करू नका, याच आठवड्यात नंबर लावा. मुलगा का मुलगी विचारू नका, तो गुन्हा आहे.

आणि घरी खरं सांगून जा. रिपोर्ट आला की आईला, सासूला, ज्या कुणाला पुढं बोलायचं असेल त्या प्रत्येकाला तारखेसकट वाचून दाखवा, बाळ घरी यायच्या आधी.