तापमान २ अंशांनी वाढलं तर अल्पाइन टुंड्रातल्या वनस्पती किती मीटर वर सरकतील, आणि शिखर आल्यावर त्यांचं काय होईल?

'किती मीटर' एवढं वाचलं आणि लिहायला बसलो. दर १०० मीटरला साधारण ०.६ अंश, म्हणून २ अंशांना सव्वातीनशे-साडेतीनशे मीटर, असा भागाकार तुम्ही केलाच असेल. तो हवेचा हिशोब आहे. बोटभर उंचीची, जमिनीला चिकटून वाढणारी वनस्पती त्या हवेत राहतच नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका प्रकल्पात वृक्षरेषेच्या, म्हणजे जिच्या वर झाडं वाढत नाहीत त्या रेषेच्या, वरच्या उतारावर, अल्पाइन टुंड्रात काम करत होतो. आमच्याकडे मातीत पुरायचे, तापमान आपोआप नोंदवणारे बटणाएवढे वीस लॉगर होते. प्रकल्पप्रमुखांचं म्हणणं, नोंदी एकसारख्या हव्यात, सगळे हवामानाच्या खांबाजवळ सपाटीवर पुरा. मी भांडून सहा मागून घेतले. दोन डोंगराच्या धारेवर पुरले, दोन धारेच्या आडोशाला असलेल्या खळग्यात आणि दोन एका मोठ्या धोंड्याच्या दक्षिण अंगाला.

पुढच्या उन्हाळ्यात नोंदी उतरवल्या. धारेवरची रेघ हिवाळाभर वरखाली होत उणे १७पर्यंत गेलेली. धोंड्याजवळची माती एका दुपारी २४ अंशांवर, त्याच वेळी खांबावरची हवा ९. आणि खळग्यातली रेघ नोव्हेंबरपासून जुलैपर्यंत शून्याला धरून सरळ. प्रमुखांनी ती पाहिली, 'हे दोन बंद पडलेत' म्हणाले आणि दोन्ही रकाने अहवालातून काढून टाकले.

ते बंद पडले नव्हते. बंद पडलेला लॉगर जुलैत आपोआप सुरू होऊन रोजचे चढउतार दाखवायला लागत नाही. वारा धारेवरचा बर्फ झाडून खळग्यात टाकतो. त्या जाड थराखाली बाहेरची थंडी पोचत नाही, आणि वितळायला लागला की पाणी झिरपत राहतं, त्यामुळे शेवटचा बर्फ जाईपर्यंत माती शून्यावरच थांबते. मी हे तीनदा समजावलं. शेवटी एकटाच वर गेलो. जुलै संपत आला होता. धारेवर सायलीन नावाच्या वनस्पतीच्या गोल, गच्च उश्यांवरची गुलाबी फुलं गळून बोंडं धरलेली. खळग्यात बर्फाच्या ओल्या कडेला गुडघे टेकून बघितलं, तर बुटक्या विलोची नखाएवढी पानं अजून चुरगळलेलीच होती, नुकती उलगडत होती. मधलं अंतर बारा पावलं.

आता यात तापमानवाढ घाला. बर्फ कमी पडला किंवा लवकर वितळला, तर धारेवर फारसं बदलत नाही, ती आधीपासून उघडीच आहे. खळग्याचं पांघरूण मात्र जातं. हवा उबदार होऊनही हिवाळ्यात तिथली माती जास्त गोठू शकते, वसंतात कळ्या लवकर येतात आणि उशिराच्या कडाक्यात जळतात. वृक्षरेषेच्या खाली, अमेरिकेतल्या कोलोरॅडोतल्या गॉथिकच्या कुरणांवर कळ्या अशा जळणं वर्षानुवर्षं नोंदवलं गेलंय. शिवाय हंगाम लांबला की शेजारचं उंच गवत खळग्यात घुसतं आणि बुटक्या विलोला सावलीत टाकतं. तिला धोका आहे तो बारा पावलांवरून, खालच्या दरीतून नव्हे.

शेरर आणि कोर्नर या संशोधकांनी स्विस आल्प्समधले उतार जमिनीचं तापमान दाखवणाऱ्या अवरक्त कॅमेऱ्याने बघितले आणि २०११ साली मांडलं, की बहुतेक वनस्पतींना सोयीची जागा थोड्याच अंतरावर मिळू शकते. वर सरकण्याऐवजी आडवं सरकलं तरी भागतं. सर्वांत थंड कोपरे मात्र संपतात. तो अभ्यास आला त्या दिवशी मी तो आमच्या जुन्या प्रमुखांना पाठवला. उत्तर आलं नाही.

शिखराबद्दल थोडक्यात. 'वर जागा कमी होत जाते' हेसुद्धा सरसकट खरं नाही. एल्सन आणि टिंग्ली या संशोधकांनी २०१५ साली १८२ पर्वतरांगा मोजल्या. उंचीबरोबर क्षेत्रफळ सतत घटत जाणाऱ्या रांगा त्यांत तिसऱ्या हिश्श्याहून कमी निघाल्या. काही रांगांना वर पठारं आहेत. युरोपातल्या ३०२ शिखरांवरच्या जुन्या-नव्या याद्या ताडून २०१८ साली दिसलं, की शिखरांवर नव्या जाती येण्याचा वेग पन्नास वर्षांपूर्वीच्या सुमारे पाचपट झालाय. म्हणजे आत्ता तरी शिखरं भरताहेत.

हे दिलाशाचं समजू नका. भूमध्य भागातल्या शिखरांवर याच काळात जाती वाढल्या नाहीत, काही ठिकाणी घटल्या, कारण तिथे पाणी कमी पडतं. दीर्घायुषी वनस्पती हवामान बिघडल्यावरही अनेक दशकं तग धरतात, त्यामुळे आज जिवंत दिसणारी उद्या असेलच असं नाही. आणि गुळगुळीत, एकसारख्या उतारावर माझं वरचं म्हणणं कमी लागू पडतं, तिथे सरकायला आडोसेच नसतात.

मीटरमध्ये आकडा मी देणार नाही. तुम्ही स्वतः मोजमाप करणार असाल तर निम्मे लॉगर तरी सपाटीपासून दूर पुरा, आणि पुरतानाच प्रत्येक जागेवर बर्फाची खोली मोजायची खुणेची काठी रोवा. मी ती रोवली नव्हती, म्हणून दोन रकाने गेले. सहाही लॉगरच्या मूळ नोंदी माझ्याकडे अजून आहेत. हव्या असतील तर सांगा, खळग्यातल्या दोन्हींसकट पाठवतो.