दहा दिवसांची नोटीस, दोन दिवसांची डोकेदुखी

«मावशी, माझा धाकटा भाऊ प्रोफेशनल बॉक्सर आहे. वय २४. आठ लढती झाल्या, सात जिंकला. सगळ्या चार किंवा सहा राऊंडच्या. परवा प्रमोटरचा फोन आला. बँकॉकला दहा राऊंडची टायटल फाईट, म्हणजे विजेतेपदाची लढत आहे, चॅम्पियनसमोर उतरणाऱ्याचा हात मोडलाय, त्याच्या जागी येतोस का? लढतीला दहा दिवस आहेत आणि उत्तर शुक्रवारपर्यंत हवंय. भाऊ म्हणतो, अशी संधी पुन्हा यायची नाही. वजन चार किलो जास्त आहे, ते उतरेल म्हणतो. बाबा गेल्यापासून घर मी बघते, म्हणून मलाच म्हणाला, "ताई, तू हो म्हण, मग जातो." नको म्हटलं तर जन्मभर ऐकवेल. हो म्हटलं आणि काही झालं तर? आईला सांगितलेलं नाही, ती थेट देवळात कौलप्रसादाला, म्हणजे देवाला विचारायला जाईल. मागच्या रविवारी स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, त्याच्या डोक्याला लागलं, दोन दिवस दुखत होतं, एकदा उलटी झाली. आता बरा आहे. बॉक्सिंग शिकवणाऱ्या सरांना सांगू नकोस म्हणाला, म्हणून मी बोलले नाही. काय करू? – डिचोलीची एक बहीण»

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मीही तुझ्याबरोबर 'हो म्हणू की नको' करत बसले. दुसऱ्यांदा त्या रविवारच्या ओळीवर अडकले ती अडकलेच. डॉक्टरांकडून उठून चप्पल घालताना माणूस खरं दुखणं सांगतो ना, तशी लिहिली आहेस ती ओळ. माझ्या लेखी तुझं पत्र तिथूनच सुरू होतं. पण आधी लढतीचं बोलते, कारण तुझ्या भावाला मूर्ख ठरवायची माझी इच्छा नाही.

ऐनवेळी उभं राहून जिंकलेले लोक आहेत. जून २००१ मध्ये फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ जेमतेम दोन आठवड्यांच्या नोटिशीवर लास वेगासला चॅम्पियन लेडवाबासमोर उतरला आणि सहाव्या राऊंडमध्ये टायटल घेऊन आला. १ जून २०१९ ला अँडी रुईझ न्यूयॉर्कमध्ये चॅम्पियन अँथनी जोशुआसमोर बदली म्हणून आला, कारण मूळ प्रतिस्पर्धी उत्तेजक चाचणीत सापडला होता. ढेरपोट्या रुईझला लोक हसले आणि त्याने सातव्या राऊंडमध्ये जोशुआला संपवलं. ही दोन नावं तुझ्या भावाने तुला ऐकवली नसतील तर मला नवल वाटेल.

ती ऐकवताना एक गोष्ट मात्र तो गाळत असणार. रुईझ २० एप्रिलला, म्हणजे सहाच आठवडे आधी, एक लढत लढून जिंकला होता. पॅकियाओ अमेरिकेत जिममध्येच होता, आणि त्याआधी एका खालच्या वजनगटात तो जागतिक विजेता झालेला होता. नोटीस थोड्या दिवसांची होती, तयारी थोड्या दिवसांची नव्हती.

आपल्याकडे जत्रेच्या नाटकांत हे पुष्कळदा बघितलंय. आमच्या गावात एका वर्षी नायकाचं काम करणारा संध्याकाळी तापाने फणफणला. पडदा तर उघडायलाच हवा होता, माणसं खुर्च्या धरून बसलेली. शेवटी आमच्या चुलतभावाच्या अंगावर अंगरखा चढवला, खांद्यात घट्ट, बाह्या आखूड. एकाही जागी अडखळला नाही. गाव म्हणालं चमत्कार! चमत्कार कसला, तीन वर्षं विंगेत प्रॉम्प्टर म्हणून तोच उभा होता, सगळ्यांची सगळी भाषणं पाठ. मात्र तापलेल्या त्या मूळ नटाला 'उभा राहा, निभावून ने' असं कुणीही म्हटलं नाही, हेही मला आठवतंय.

तेव्हा भावाला विचार, गेल्या दोन महिन्यांत सलग दहा राऊंड स्पारिंग कधी केलंस? सहा राऊंड म्हणजे अठरा मिनिटं, दहा म्हणजे तीस. ती वरची बारा मिनिटं त्याच्या पायांनी अजून कधी पाहिलेली नाहीत. चॅम्पियनने मात्र या लढतीसाठी आठ-दहा आठवड्यांचा कॅम्प केलेला असणार. बदली बॉक्सरचा एक फायदा खरा असतो: चॅम्पियन वेगळ्याच माणसाचे व्हिडिओ बघून तयार झालेला असतो. तुझा भाऊ डावखुरा असेल आणि हात मोडलेला तो बॉक्सर उजव्या हाताचा असेल, तर पहिले दोन-तीन राऊंड चॅम्पियनलाही अवघड जातील. पुढचे सात उरतातच. याच २०१९ च्या जुलैमध्ये आपला नीरज गोयत जेद्दाहला आमिर खानशी लढणार होता, गाडीच्या अपघातात जखमी झाला. त्याच्या जागी ऑस्ट्रेलियाचा बिली डिब गेला. एकेकाळचा फेदरवेट विश्वविजेता, पण वरच्या वजनगटात, ऐनवेळी. चौथ्या राऊंडमध्ये लढत थांबली, डिब हरला. ही गोष्ट जिममध्ये कुणी सांगत नाही.

वजनाचं 'उतरेल' मला पटत नाही. दहा दिवसांत चार किलो म्हणजे थोडं जेवण-मीठ तोडून, आणि बाकी अंगातलं पाणी. सॉना, अंगावर प्लॅस्टिकचा सूट चढवून धावणं, शेवटी शेवटी च्युइंगम चघळत बाटलीत थुंकत बसणं. वजन आदल्या दिवशी होतं. एका रात्रीत पेज-पाणी पिऊन तोंडावर तजेला येईल, पण आत सगळं भरून निघायला तेवढा वेळ पुरत नाही, आणि सुकलेल्या शरीराने डोक्यावर ठोसे घेणं जास्त धोक्याचं असतं. शिवाय टायटलला वजनाची हद्द हलत नाही. विनेश फोगटचे १०० ग्रॅम आपण सगळ्यांनीच मोजले होते. तुझ्या भावाचं वजन भरलं नाही तर लढत होईलही, मार बसेलही, पण जिंकला तरी बेल्ट मिळणार नाही. हे प्रमोटरने फोनवर सांगितलं का?

आणि शुक्रवारची घाई त्यांची आहे. हॉल घेतलाय, तिकिटं विकली आहेत, माणूस त्यांना हवाय. अशा वेळी मागायचं असतं: जास्त पैसे, सरांचं विमानाचं तिकीट, तिथल्या हॉस्पिटलचा खर्च कोण देणार ते कागदावर, आणि हरला तर पुढची एक लढत. आपली मुलं 'बोलावलं हेच खूप' म्हणून सही करून मोकळी होतात.

हे सगळं घरात बसून घासाघीस करण्याजोगं आहे. रविवारचं नाही.

डोक्याला मार, मग उलटी, मग दोन दिवस दुखणं. मी डॉक्टर नाही, पण याला कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, म्हणतात हे बॉक्सिंगच्या कुठल्याही जिममध्ये माहीत असतं. म्हणूनच तर तो तुला 'सरांना सांगू नकोस' म्हणाला. तुला वाटलं असेल, पोराला ओरडा बसेल म्हणून लपवतोय. नाही गं. सरांना कळलं तर ते रिंगमध्ये उतरूच देणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मेंदू पहिल्या मारातून सावरलेला नसताना दुसरा बसला, मग तो हलका का असेना, तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकतं. आणि त्यासाठी बँकॉकला जायचीही गरज नाही, या दहा दिवसांतलं स्पारिंग पुरेसं आहे. १९८२ मध्ये कोरियाचा दुक कू किम टायटल फाईटच्या चौदाव्या राऊंडमध्ये पडला आणि मेंदूतल्या रक्तस्रावाने चार दिवसांनी गेला. त्यानंतर पंधरा राऊंडच्या टायटल फाईट बारावर आणल्या गेल्या. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. कॉर्नरमधल्या माणसाने टॉवेल टाकून लढत थांबवायची ती बॉक्सरला बघून. पाचव्या राऊंडनंतर तुझा भाऊ स्टुलावर बसून डोळे मिटेल, तेव्हा सरांना रविवारचं माहीत नसेल तर ते दमलाय म्हणून तोंडावर पाणी मारतील आणि परत पाठवतील.

त्याला बांबोळीला ने, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात. उद्याच. काय झालं, कधी झालं, उलटी किती वेळा, सगळं डॉक्टरांना तू सांग, कारण तो 'काही नाही, थोडं लागलं' म्हणेल. आणि स्कॅन नॉर्मल आला म्हणून घरी येऊन पेढे वाटू नका. कन्कशन बहुतेक वेळा स्कॅनमध्ये दिसतच नाही. 'पुन्हा मार खायला कधी चालेल?' हाच प्रश्न डॉक्टरांना विचारायचा, याच शब्दांत. दहा दिवसांनी चालेल असं उत्तर मिळेल असं मला वाटत नाही.

आता तुझं. 'तू हो म्हण, मग जातो' या वाक्याचा मला राग आला, खरं सांगते. चोवीस वर्षांचा घोडा, ठोसे स्वतः खाणार आणि निर्णयाचं ओझं बहिणीच्या पदरात. तू हो म्हणू नकोस, नकोही म्हणू नकोस. तुझी सही तिथे लागतच नाही. पण मनात कुठेतरी त्यालाही भीती असणार, आणि ताईने अडवलं तर बरं, असंही. पुरुषांना हे बोलता येत नाही, रिंगमधल्यांना तर मुळीच नाही. म्हणून भांडू नकोस. तो ऐकवेल, वर्षभर ऐकवेल, चवथीला सगळे जमले की मुद्दाम ऐकवेल. ऐकून घे.

आईला सांग. कौलप्रसाद लावायचा तर लावू दे, बिचारीला तेवढाच धीर. मात्र बांबोळीहून आल्यावर.

आणि सरांना आज रात्रीच कळायला हवं. त्याच्या पाठीमागे नको, ते तो कधीच विसरणार नाही. जेवणं झाली की त्याला समोर बसव आणि म्हण, "रविवारचं सरांना तू सांगतोस की मी सांगू?" पाच मिनिटं दे. तो गप्प राहिला तर त्याच्यासमोरच फोन लाव, स्पीकरवर.